पंपरूममध्ये चालेल असं ॲप

पहाटे टाकी भरली का, रात्री वीज गेली तेव्हा जनरेटरने लोड घेतला का, तळघरात साचलेलं पावसाचं पाणी उपसलं का, हे प्रश्न इमारतीत राहणाऱ्याला सहसा पडत नाहीत. नळाला पाणी येतं, लिफ्ट येते, म्हणजे सगळं ठीक. पण नाशिकच्या गंगापूर रोडचं एखादं मोठं गृहसंकुल घ्या, अंबडचा कारखाना घ्या किंवा एखादं रुग्णालय घ्या. त्याच्या पोटात पंपरूम असते, पॅनलरूम असते, डीजी सेट म्हणजे डिझेल जनरेटर असतो, सांडपाणी शुद्ध करणारा एसटीपी असतो. आणि या सगळ्याभोवती तीन पाळ्यांत फिरणारी माणसं असतात: पंप ऑपरेटर, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, हाऊसकीपिंगच्या मावश्या, सुपरवायझर. या व्यवहाराला फॅसिलिटी मॅनेजमेंट म्हणतात.

या कामांची नोंद पूर्वी वहीत व्हायची. मग व्हॉट्सॲपचे ग्रुप आले. 'बी विंग, सातवा मजला, ड्रेनेज चोकअप' असा मेसेज सकाळी पडायचा आणि दुपारपर्यंत तो बाकीच्या मेसेजांखाली गाडला जायचा. आता त्यासाठी मोबाइल ॲप असतं. तक्रार आली की काम तयार होतं, कुणाच्या तरी नावावर जातं, तो माणूस जाऊन काम करतो आणि 'झालं' दाबतो. मी अशा ॲपच्या स्क्रीन आखते. बाहेरून हे काम सोपं दिसतं, आणि पहिल्या वेळी मलाही ते सोपंच वाटलं होतं.

त्या पहिल्या ॲपमध्ये आम्ही कामाच्या दोनच अवस्था ठेवल्या होत्या: 'बाकी' आणि 'झालं'. ठरलेली वेळ उलटली की काम लाल होई आणि दर अर्ध्या तासाने फोन वाजे. नाशिकमधल्याच एका सोसायटीत ते सुरू केलं. तिथे रात्रपाळीला एक काका पंप ऑपरेटर होते. एका रात्री पंपाने एअर पकडली. त्यांनी प्रायमिंग केलं, म्हणजे पंपात पाणी भरून हवा काढली; पंपाने पाणी धरलं, थोड्या वेळाने पुन्हा सोडलं. म्हणजे फूटव्हॉल्व्ह गेला होता. संपात, म्हणजे जमिनीखालच्या टाकीत, बुडालेल्या पाइपच्या टोकाला ही एक झडप असते; पंप बंद असताना पाइपमधलं पाणी ती खाली जाऊ देत नाही. तीच गळायला लागली की पाइप रिकामा होतो आणि पंप हवा ओढत बसतो. नवा फूटव्हॉल्व्ह स्टोअरमध्ये होता, स्टोअरला कुलूप होतं, चावी सुपरवायझरकडे आणि सुपरवायझर घरी. इकडे फोन वाजतच होता. शेवटी काकांनी 'झालं' दाबलं. सकाळच्या ऑपरेटरने ॲप उघडलं तर सगळं हिरवं. सातच्या सुमारास बी विंगच्या टाकीत थेंब नव्हता.

काकांनी खोटी नोंद केली, अशी तक्रार वर गेली. मी भेटायला गेले तेव्हा ते एवढंच म्हणाले, "ताई, खरं सांगायला तुमच्या मोबाइलमध्ये जागाच नव्हती."

ती जागा करणं हेच मला या सगळ्या विषयाचं मर्म वाटतं. काम सुरळीत झालं तर कुठलंही ॲप चालतं, वहीसुद्धा चालते. काम अडतं तेव्हा ॲप काय करतं, त्यावरून ते कुणासाठी बनवलंय ते कळतं.

तिसरं बटण

आम्ही 'अडलं' नावाचं बटण घातलं. ते दाबलं की कारण विचारलं जातं, आणि कारणं त्या माणसांच्या तोंडची आहेत: सामान नाही. चावी नाही. एकट्याने होणार नाही. एएमसीवाला (वार्षिक देखभालीचा ठेकेदार) लागेल. फ्लॅटला कुलूप आहे. एका बोटात निवडता येतं, टाइप करावं लागत नाही.

खरी गोष्ट त्यानंतर घडते. काम ऑपरेटरच्या यादीतून हलतं आणि जो तो अडथळा दूर करू शकतो त्याच्या यादीत जाऊन बसतं. सामान नसेल तर स्टोअरकडे, चावी नसेल तर सुपरवायझरकडे. ऑपरेटरचं घड्याळ थांबतं आणि त्यांचं सुरू होतं. बहुतेक ॲपमध्ये 'होल्ड' नावाची एक अवस्था असतेच, पण तिथे काम नुसतं पडून राहतं आणि नाव खालच्याच माणसाचं राहतं. हा फरक लहान दिसतो, पण काम करणारा माणूस ॲपशी खरं बोलेल की नाही, ते यावर ठरतं.

व्यवस्थापनालाही याचा उपयोग होतो. महिनाभराच्या 'अडलं' नोंदी कारणांनुसार मांडल्या, आणि 'सामान नाही' सारखं सारखं दिसलं, तर दोष माणसांच्या कामात नाही, खरेदीत आहे. हे कुठल्याही मीटिंगपेक्षा लवकर कळतं.

याच्या जोडीला आणखी एक खूण लागते: 'तात्पुरतं केलं'. टाकी भरली की पंप आपोआप बंद करणारा फ्लोट स्विच बिघडला म्हणून पंप हातावर घेतला, तर पाणी चालू राहतं. पण पुढच्या पाळीला हे माहीत नसेल तर टाकी ओव्हरफ्लो होते. मोटार सारखी ट्रिप होते म्हणून कुणी ओव्हरलोड रिले, म्हणजे जास्त करंट गेला की मोटार बंद करणारं उपकरण, बायपास करून ठेवला, तर ते नुसतं ओव्हरफ्लोवर थांबत नाही, मोटार जळते, आग लागू शकते. असे जुगाड होऊ नयेत हे खरं, पण रात्री अडीच वाजता ते होतात. ॲपने ते नोंदवायला जागा दिली आणि 'तात्पुरतं' दाबताच सकाळसाठी पक्क्या दुरुस्तीचं काम आपोआप तयार केलं, तर जुगाड लपत नाही.

रेंज नसताना

आता थोडा तांत्रिक भाग. पंपरूम तळघरात असते. वर काँक्रीटचे स्लॅब, भोवती भिंती, दार लोखंडी. तिथे मोबाइलची रेंज येत नाही. सिंहस्थात तर उघड्या मैदानावरही हीच अडचण येते. २०२७ च्या पर्वस्नानांना रामकुंड आणि तपोवनाच्या बाजूला प्रचंड गर्दी असेल, आणि तात्पुरती शौचालयं, पाण्याच्या टाक्या, दिवे सांभाळणाऱ्यांच्या हाती फोन असतील. एका टॉवरची क्षमता ठरलेली असते, ती सगळ्या फोनांत वाटली जाते. त्यामुळे फोन फुल रेंज दाखवतो आणि मेसेज मात्र हलत नाही.

म्हणून असं ॲप नेटवर विसंबून चालत नाही. ते आधी फोनमध्ये लिहितं आणि नंतर, जमेल तेव्हा, ऑफिसला कळवतं. एसटीचा कंडक्टर आठवा. सप्तशृंगीच्या घाटात तो तिकीट फाडायला डेपोची परवानगी मागत नसे. तिकीट तिथेच द्यायचा, वेबिलावर नोंद करायचा आणि डेपोत पोचल्यावर हिशेब जमा करायचा. फोनमध्ये या वेबिलाच्या जागी एक छोटा डेटाबेस असतो. तांत्रिक भाषेत याला ऑफलाइन-फर्स्ट म्हणतात.

यात तीन अडचणी येतात. पहिली अशी: काकांनी तळघरात दहा वाजून दहा मिनिटांनी 'झालं' दाबलं, फोनला रेंज नव्हती. दहा वीसला सुपरवायझरने वर बसून तेच काम दुसऱ्या माणसाला दिलं. काका वर आले आणि दोन्ही गोष्टी सर्व्हरवर भेटल्या. खरं कुठलं? 'शेवटी आलेलं खरं' असा सोपा नियम लावला तर कुणाचं तरी काम पुसलं जातं. यावर उत्तर आपल्या जुन्या जमाखर्चात आहे. रोजकीर्दीत खाडाखोड करत नाहीत. चुकलं तर उलट नोंद करतात, आधीची तशीच राहते. ॲपनेही कामाची अवस्था बदलून टाकू नये, घडलेल्या गोष्टी एकाखाली एक लिहीत जाव्यात: कुणी, काय, केव्हा. कामाची आजची अवस्था त्या नोंदींवरून काढावी. मग कुणाचं काम नाहीसं होत नाही, आणि वाद झाला तर सगळा क्रम समोर असतो.

दुसरी अडचण दुहेरी नोंदीची. फोनने नोंद पाठवली, ती पोचली, पण 'पोचली' हा निरोप परत येताना रेंज गेली. फोनला वाटतं गेलीच नाही, तो पुन्हा पाठवतो. अशाने एका फिल्टरच्या बदलाचे दोन फिल्टर मांडले जातात आणि स्टोअरचा हिशेब चुकतो. उपाय म्हणजे प्रत्येक नोंदीला फोनमध्येच, जन्मतःच, एकमेव क्रमांक द्यायचा. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर सर्व्हर म्हणतो, ही आहे माझ्याकडे.

तिसरी अडचण घड्याळाची. फोनचं घड्याळ चुकीचं असू शकतं. म्हणून काम केल्याची फोनमधली वेळ आणि नोंद सर्व्हरला पोचल्याची वेळ, दोन्ही ठेवायच्या.

एवढं सगळं आत घडत असताना काम करणाऱ्याला काय दिसावं? व्हॉट्सॲपच्या टिकांचा अर्थ सगळ्यांना पाठ आहे. आम्ही तीच सवय वापरली: एक टिक म्हणजे फोनमध्ये जपलंय, दोन टिका म्हणजे ऑफिसला पोचलं. 'सिंक प्रलंबित' असं लिहिण्यापेक्षा हे कितीतरी बरं. फोटोंचंही असंच बघावं लागतं. आजकालच्या फोनचा एक फोटो सहज तीन-चार एमबीचा निघतो. फूटव्हॉल्व्ह बदलल्याचं दाखवायला एवढा तपशील नको. फोनमध्येच तो लहान करून काहीशे केबीवर आणावा, आणि रेंज आली की आधी शब्दांच्या नोंदी पाठवाव्या, फोटो मागाहून.

माणूस पंपापाशी होता का

प्रत्येक मॅनेजर हे विचारतो, आणि बहुतेकांना वाटतं जीपीएसने कळेल. जीपीएसचे उपग्रह जवळजवळ २०,००० किलोमीटर उंचीवर असतात, त्यांचा संदेश जमिनीवर पोचेपर्यंत अगदी क्षीण होतो आणि दोन स्लॅबखाली तो मिळत नाही. मिळाला तरी माणूस चौथ्या मजल्यावर आहे की तळघरात, हे भरवशाने सांगता येत नाही.

त्यापेक्षा पंपाशेजारी क्यूआर कोडचा स्टिकर लावणं साधं आणि पक्कं. क्यूआर १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत तयार झाला, तोही मोटारींच्या सुट्या भागांचा माग ठेवण्यासाठी, म्हणजे कारखान्याच्या कामासाठीच. चहाच्या टपरीवर तो नंतर आला. त्याच्या रचनेत दुरुस्तीची सोय आहे: सर्वांत वरच्या पातळीचा कोड घेतला तर सुमारे ३० टक्के भाग खराब होऊनही तो वाचता येतो. तेलकट, धुळीच्या पंपरूममध्ये हीच पातळी घ्यावी. स्टिकर तापणाऱ्या मोटारीवर चिकटवू नये, पॅनलशेजारी भिंतीवर छातीच्या उंचीला लावावा. स्कॅन करणं कुणाला शिकवावं लागत नाही, यूपीआयने ती सवय लावली आहे. आणि स्कॅन केल्यावर नुसती हजेरी लागू नये. त्या पंपाचा इतिहास उघडावा: ग्लँड (पंपाच्या दांड्याभोवतीची गळती थांबवणारी जागा) शेवटची कधी भरली, बेअरिंग कधी बदललं. मग स्कॅन करण्यात त्या माणसाचाही फायदा असतो.

एके ठिकाणी आम्हाला सगळे स्टिकर झेरॉक्स करून टेबलाच्या काचेखाली ठेवलेले सापडले. लोक बसल्या जागी राउंड पूर्ण करत होते. पहिली प्रतिक्रिया माणसांवर चिडण्याची होती. मग आम्ही त्यांच्याबरोबर राउंड चालून बघितला. एका तासात आखलेला तो राउंड, नीट केला तर, तासात बसतच नव्हता. राउंड दोन माणसांत वाटला आणि झेरॉक्स आपोआप गेल्या.

हात, डोळे, शब्द

फोनची काच दाब ओळखत नाही. बोट काचेवरचा थोडासा विद्युतभार ओढून घेतं, तो बदल ती टिपते. पाण्याच्या थेंबांनीही तसाच बदल होतो, म्हणून ओल्या काचेवर फोन गोंधळतो. आणि जाड रबरी हातमोज्यातून तो बदल पोचत नाही. प्लंबर आणि हाऊसकीपिंगच्या मावशी दिवसभर याच दोन अवस्थांत असतात. गुगलच्या आखणीच्या नियमांत बटण किमान ४८ डीपी, म्हणजे साधारण ९ मिलिमीटर असावं असं आहे. मी ते या कामासाठी फारच कमी मानते. मुख्य बटण स्क्रीनच्या खालच्या भागात, पूर्ण रुंदीचं असावं, कारण दुसऱ्या हातात बॅटरी किंवा पाना असतो आणि अंगठा तिथपर्यंतच पोचतो. 'झालं' आणि 'अडलं' शेजारी शेजारी चिकटून नकोत.

गच्चीवरची टाकी बघायला एप्रिलच्या दुपारी जावं लागतं. तिथे काळ्या पार्श्वभूमीची देखणी स्क्रीन आरशासारखी होते, स्वतःचाच चेहरा दिसतो. वेबच्या सुलभतेच्या नियमांत अक्षर आणि पार्श्वभूमीतला फरक किमान ४.५ ला १ सांगितला आहे. उन्हात त्याच्या बराच वर राहिलेलं बरं. पांढऱ्यावर काळं, एवढं साधं. फक्त रंगावर कधीच विसंबू नये, लाल-हिरवा फरक न दिसणारेही लोक असतात. लाल ठिपक्याशेजारी शब्द हवाच.

आकडे भरण्याची जागा बारकाईने बघण्यासारखी आहे. डीजीच्या बॅटरीचा व्होल्टेज १२.६ च्या जागी १२६ लिहिला जातो, टिंब दाबायचं राहतं. ॲपने तिथेच विचारावं, '१२६? पुन्हा बघा'. विजेच्या मीटरचं रीडिंग कालच्यापेक्षा कमी आलं तरी विचारावं. पण कालचं रीडिंग आधी दाखवू नये. ते दिसलं की आज थोडं वाढवून लिहिण्याचा मोह होतो. आधी भरू द्यावं, मग कालचा आकडा दाखवावा.

आता शब्द. 'प्रलंबित कार्ये', 'कार्यादेश', 'निष्पादित' ही मराठी त्या पंपरूममध्ये कुणी बोलत नाही. तिथे कंप्लेंट असते, पंप ट्रिप होतो, फेज जातो, कॉन्टॅक्टरची कॉइल जळते. ॲपने तसंच बोलावं. हे शब्द ऑफिसात बसून मिळत नाहीत, एक रात्रपाळी त्यांच्याबरोबर काढली की मिळतात. नाशिकच्या या कामांवर पेठ-सुरगाण्याकडचे, अहिराणी बोलणारे बागलाण-मालेगावचे, उत्तर प्रदेश-बिहारहून आलेले, सगळे असतात. त्यामुळे मराठी-हिंदी दोन्ही हवी, प्रत्येक शब्दाशेजारी चित्र हवं, आणि लिहिण्याऐवजी बोलून नोंद करण्याची सोय हवीच. मराठीत बोटाने टाइप करायला चांगल्या शिकलेल्या माणसालाही वेळ लागतो. वीस सेकंदांच्या आवाजात प्लंबर कितीतरी जास्त सांगतो, मागे पंपाचा खडखडाटही ऐकू येतो, आणि कधीकधी निदान त्या खडखडाटावरूनच होतं. अक्षरांच्या ओळींत अंतर जास्त ठेवावं लागतं, नाहीतर वरच्या मात्रा आणि खालचे उकार कापले जातात. इंग्रजीसाठी आखलेल्या बटणांत हे हमखास होतं.

सूचनांचं थोडक्यात सांगते. बॅटरी वाचवण्यासाठी अँड्रॉइड पडद्यामागची ॲप झोपवतं, आणि काही कंपन्यांचे फोन त्यात फार कडक असतात. तातडीचं काम सूचनेवर सोडू नये, पाच मिनिटांत उत्तर नाही तर ॲपने सुपरवायझरला कळवावं आणि त्याने साधा फोन लावावा. आणि एखाद्याने 'काम सुरू' दाबलं की त्याचा फोन गप्प व्हावा. माणूस शिडीवर किंवा उघड्या पॅनलसमोर असताना खिशात फोन वाजणं धोक्याचं आहे.

नोंद कुणाची

ॲपने दिवसभर माणसाचा माग काढावा का? माझं उत्तर नाही असं आहे. पाळी संपली की लोकेशन बंद, आणि पाळीतही स्कॅनच्या क्षणापुरतंच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यामुळे आता कंपन्यांना माणसांच्या माहितीबद्दल जबाबदारीने वागावं लागणार आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी, ज्याच्यावर पहारा ठेवला जातो तो 'अडलं' दाबत नाही. ॲपमध्ये एक पान त्या माणसाचं स्वतःचं हवं: माझी या महिन्याची कामं, माझे जास्तीचे तास, मी कळवलेल्या आणि कुणी न सोडवलेल्या अडचणी. ठेकेदार बदलला तर ही नोंद त्याला सोबत नेता यावी.

मोठ्या कामांचं वेळापत्रकही यातच येतं. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार इमारतीतली यंत्रणा सुस्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, ज्याला सगळे फॉर्म बी म्हणतात, दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून घेऊन द्यावं लागतं. ॲपने त्याची आठवण डिसेंबर आणि जूनमध्येच करावी, कारण आग विझवायला पाणी देणारा हायड्रंट पंप नादुरुस्त असेल तर तो आठवड्यात दुरुस्त होत नाही.

त्या सोसायटीत आता सकाळी सातला पाळी बदलताना ॲपची पहिली स्क्रीन फक्त दोन याद्या दाखवते: काय अडलंय, आणि काय तात्पुरतं केलंय. बाकी सगळं खाली. येणाऱ्याने प्रत्येक ओळीवर 'बघितलं' दाबल्याशिवाय जाणाऱ्याची पाळी संपत नाही. काका ती यादी पंपाशेजारी उभं राहून सकाळच्या पोराला मोठ्याने वाचून दाखवतात. पहिल्या महिन्यात त्या यादीत 'चावी नाही' हे कारण इतक्यांदा आलं की कमिटीने स्टोअरची दुसरी चावी करून घेतली. ती सिक्युरिटी केबिनमध्ये टांगलेली असते आणि रात्री कितीही वाजता रजिस्टरवर सही करून मिळते.